पन्नासास एक

आमच्या बाबांनी मला आयुष्यात दोनच उपदेश केले. पहिला, "कॉमर्स घे." दुसरा, "कुणाला जामीन राहू नकोस." पहिला मी ऐकला, त्याचं फळ म्हणून गेली बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांच्या सह्या जुळतात की नाही ते बघतो आहे. दुसरा ऐकला असता तर टू-स्ट्रोक इंजिनात कुठलं तेल घालावं ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार मला प्राप्त झाला नसता, आणि तुम्हीही हे वाचण्यातून सुटला असतात.

खरं म्हणजे बोट आणि मी ह्यांचा संबंध तलावपाळीच्या पेडलबोटीपलीकडे कधी गेलेला नाही. तीही लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात, आणि पेडल सौभाग्यवती मारत होती. वर्तकनगरच्या माणसाला पाणी म्हणजे म्हाडाच्या टाकीत सकाळी चढतं ते. फार झालं तर उपवनचा तलाव. तिथेही आम्ही जातो ते मक्याचं कणीस खायला. समुद्र, खाडी, भरती-ओहोटी ह्या गोष्टी आम्ही भूगोलाच्या पेपरात लिहून कायमच्या निकालात काढलेल्या होत्या.

पण शाळेत माझ्या बाकावर बसायला देवाने चेंदणी कोळीवाड्यातला मुलगा पाठवला. पाचवी ते दहावी त्याच्या डब्यातल्या सुक्या जवळ्याच्या चटणीवर माझं पोषण झालं आणि माझ्या गणिताच्या वहीवर त्याचं शिक्षण. दोघांपैकी पोषण जास्त बरं झालं, असं आमच्या दोघांच्या आजच्या हिशेबावरून वाटतं. मी बँकेत लागलो, तो बापाच्या होडीवर. खाडीत पूर्वीसारखी मासळी राहिलेली नाही. कोलंबी, बोईट, चिंबोरी, निवटी जे काय मिळतं त्यासाठी आता लांब जावं लागतं. वल्ही मारत लांब जायचं वय सरत चाललं, म्हणून गेल्या वर्षी त्याने होडीला मशीन बसवायचं ठरवलं. मशीन जुनं, जपानी, आठ हॉर्सपॉवरचं. पैसे पतसंस्थेचे. आणि जामीन अस्मादिक.

जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या संशयाने बघणारा माणूस स्वतःची सही किती सहज करून मोकळा होतो हे मला त्या दिवशी कळलं. ऐंशी हजार रुपये, छत्तीस हप्ते. मी सही केली तेव्हा नाकात जवळ्याचा वास होता. घरी आल्यावर बाबांना सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. आमच्या घरात ह्याला शोकप्रस्ताव म्हणतात.

आता जामिनाचं एक असतं. मूळ कर्जदाराला मशीन म्हणजे मशीन असतं. जामिनाला ते आपलं काळीज वाटतं, आणि तेही दुसऱ्याच्या होडीच्या मागे टांगलेलं. हे आउटबोर्ड इंजिन खरंच टांगलेलं असतं. होडीच्या मागच्या फळीला दोन मळसूत्रांनी आवळून बसवायचं, खाली पंखा पाण्यात, वर डोकं हवेत. एखादा बेरका खातेदार काउंटरला लटकून उभा असतो ना, तसंच. अमेरिकेतल्या मिलवॉकी गावी ओल एव्हिनरूड नावाचा नॉर्वेहून आलेला कारागीर होता. त्याची अशी कथा सांगतात की, उन्हाळ्यात एकदा तळ्यावर सहल गेली असताना त्याच्या वाग्दत्त वधूला आइस्क्रीम खायची इच्छा झाली. हा गडी वल्ही मारत पलीकडच्या काठावर गेला, आइस्क्रीम घेऊन परत आला, तोवर त्याचं सरबत झालं होतं. त्या संतापातून त्याने होडीला लावायचं इंजिन बनवलं आणि १९०९ साली विकायला काढलं. धंद्याचा पत्रव्यवहार आणि जाहिराती लग्नानंतर बायकोनेच सांभाळल्या. वल्ही फेकून द्या, अशा अर्थाची जाहिरात तिचीच. सौभाग्यवतींना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "बघा. आणि तुम्हाला नाक्यावरून कुल्फी आणायला सांगितलं तर पिशवी विसरता."

मशीन आलं. त्याबरोबर कागद मात्र एकही आला नाही. मित्राने विचारलं, "सायेब, ह्याच्यात तेल कंचा टाकू?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? मी बँकेत आहे."

"म्हनूनच इचारतो. पैशे तुजे हायेत."

हा मुद्दा बिनतोड होता. तेव्हापासून तेलखातं माझ्याकडे आलं.

कॉमर्सच्या माणसाला इंजिन समजावून घ्यायला वेळ लागतो, पण एकदा समजलं की तो ते खातेवहीसारखं मांडू शकतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात तेलाचं वेगळं खातं असतं. तेल खाली साठलेलं, तेच तेच फिरतं, चार-सहा महिन्यांनी बदललं की झालं. टू-स्ट्रोकमध्ये असं नाही. तिथे पेट्रोल आणि हवा जी आत येते ती इंजिनाच्या खालच्या पोटातूनच वर जाते, म्हणून त्या पोटात तेल साठवायची सोयच नाही. मग तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. ते जाताजाता बेअरिंगला, पिस्टनला, भिंतींना थोडंथोडं लागतं आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळून धुराड्यातून बाहेर पडतं. परत येत नाही. बँकेच्या भाषेत पहिलं तेल म्हणजे मुदत ठेव आणि दुसरं म्हणजे बुडीत खर्च.

ह्या टू-स्ट्रोकचा मूळ शोध कुणी लावला म्हणाल? क्लार्कने! थट्टा नाही. डुगाल्ड क्लार्क नावाचे स्कॉटिश इंजिनिअर होते. त्यांनी १८७८ मध्ये हे इंजिन तयार केलं आणि १८८१ मध्ये इंग्लंडात त्याचं पेटंट घेतलं. पोटातून हवा नेण्याची सुटसुटीत रचना पुढे १८९१ च्या सुमारास जोसेफ डे ह्यांनी केली, पण आद्य मान क्लार्कचाच. १९१७ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. आमच्या बँकेत दिवसभर क्लार्कच सगळ्यांना सर म्हणत असतो. क्लार्कला सर म्हणणारा एक तरी देश होता हे वाचून मी ते सगळ्या स्टाफला वाचून दाखवलं. मॅनेजर म्हणाले, "आज रोकड जुळली का?"

तेल निवडायचा प्रश्न मात्र क्लार्कसाहेबांनी सोडवून ठेवलेला नव्हता. मी चौकशी सुरू केली. आपल्याकडे तेलाबद्दल मत नसलेला माणूस नाही. आमचे हेडकॅशियर म्हणाले, गाडीचं उरलेलं इंजिन ऑइल टाका, तेल ते तेल. (हे कधीही करू नये. ते चार स्ट्रोकचं तेल. पेट्रोलमध्ये नीट मिसळत नाही आणि जळताना घाण करतं.) शेजारचे निवृत्त वाचनालयवाले काका म्हणाले, पूर्वी विमानाच्या इंजिनात एरंडेल घालत. मला हे अर्थातच खोटं वाटलं, पण ते अगदी खरं निघालं. पहिल्या महायुद्धातल्या काही विमानांची इंजिनं एरंडेलावर चालत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळून पातळ होत नसे. त्याचा फवारा वैमानिकांच्या नाकातोंडात जाई आणि पुढचा परिणाम आपल्याकडच्या कुठल्याही लहान मुलाला विचारावा. कॅस्ट्रॉल हे नाव सुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलेलं आहे. सौभाग्यवतींनी घाण्याचं करडई सुचवलं. हृदयाला चांगलं म्हणून.

शेवटी बाबांनी तोंड उघडलं. "चेतकचं तेल आहे की."

आमच्याकडे बजाज चेतक होती. चेतक ही बाबांची पहिली मुलगी आणि मी दुसरा मुलगा, असाच घरातला क्रम होता. रोज सकाळी तिला एका बाजूला आडवं कलतं करायचं, दोन क्षण थांबायचं, सरळ करायचं आणि किक मारायची. पंपावर पेट्रोल भरताना मापाने टू-टी तेल घालायचं. तेल घालताना बाबा मापाकडे असे बघत की पंपावरचा पोरगा घाबरून दोन थेंब जास्तच घाली. महिन्यातून एकदा प्लग काढून पॉलिशपेपरने घासायचा; काळा निघाला तर तेल जास्त, पांढरा निघाला तर कमी, आणि कॉफीच्या रंगाचा निघाला तर बाबा आईला हाक मारून दाखवत. ती गाडी २०१० साली भंगारात गेली. माणसं जातात, गाड्या जातात, डबे राहतात. माळ्यावर त्या टू-टी तेलाचा अर्धा डबा होता.

बाबांनी तो स्वतः पुसून दिला. एका फुकट्या डब्याने बापलेकांतला जामीनप्रकरणाचा तंटा मिटत होता. मी तो कसा नाकारणार? आणि खरं सांगायचं तर फुकट मिळतंय म्हटल्यावर कॉमर्स पदवीधराची विचारशक्ती तिथेच थांबते.

प्रमाण वर्तकनगर नाक्यावरच्या मेकॅनिकने सांगितलं. पन्नासास एक. म्हणजे पन्नास भाग पेट्रोल, एक भाग तेल; दर लिटरला वीस मिली. ऐकताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हे तर दोन टक्के! चिरंजीवांच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण बरोबर दहा मिलीचं होतं. पाच लिटरच्या कॅनला दहा झाकणं. मी पहिल्या दिवशी कोळीवाड्यात जाऊन झाकणं मोजून घातली. मित्राचे वडील बाजूला जाळं शिवत बसले होते. त्यांनी विचारलं, "खोकला झालाय काय रं मशीनला?"

दोन महिने उत्तम गेले. डबा संपला, मी नाक्यावरून तसंच स्कूटरचं तेल आणून देऊ लागलो. हप्ते वेळेवर जात होते. दर पाच तारखेला मी पतसंस्थेत डोकावून खात्री करून घेत असे. तिथला शिपाई मला वसुली अधिकारी समजू लागला होता.

मग फेब्रुवारीतल्या एका रात्री अडीच वाजता फोन वाजला. मित्राचा मुलगा बोलत होता. सोळा वर्षांचा पोर. "काका, मशीन बंद पडलाय. चालू होते न् बंद परते. पप्पा बोलतान, काकांना इचार तेल बरोबर हाय ना." मागून मित्राचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. मग फोनच बंद झाला.

मी रिक्षा करून चेंदणी बंदरावर गेलो. जाऊन काय करणार होतो, ते मला आजही सांगता येणार नाही. ओहोटी लागली होती. उधाणाच्या दिवसांतली ओहोटी म्हणजे खाडीचं सगळं पाणी ऐरोलीच्या बाजूला ओढून नेते आणि मागे नुसता चिखल उरतो. अंधारात काही दिसत नव्हतं. मित्राची आई ओट्यावर बसली होती. तिने मला चहा दिला. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. म्हातारबुवा उभे राहून पाण्याकडे बघत होते. म्हणाले, "वल्ही हायेत होडीत. मीच ठेवलीन. त्यो बोलत व्हता, काढ, जागा अडते."

मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या ओट्यावर बसून माझ्या मनात आधी आलं, तेहेतीस हप्ते बाकी आहेत. त्यानंतर आलं, तो पोरगा सोळा वर्षांचा आहे. हा क्रम मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

सकाळी भरतीबरोबर होडी आली. इंजिन वर उचललेलं, बापलेक वल्ही मारत. त्यांनी नांगर टाकून रात्र काढली होती. दोघंही चिखलाने माखलेले आणि टोपलीतली कोलंबी मऊ पडलेली. मित्राने मला बघितलं आणि हसून म्हणाला, "सायेब, बँकेला सुट्टी हाय?" मी त्याच्यावर चिडलो. माणसाला कसं वागावं ते कळेना की तो चिडतो.

प्लग काढला. त्याच्या दोन टोकांच्या मधल्या फटीत राखाडी रंगाचा एक कण अडकून बसला होता, तांदळाच्या कणीएवढा. दुसऱ्या प्लगवरही तसलीच पुटं. ठिणगीला उडी मारायला जागाच नव्हती. ती कणी मी कागदात बांधून घेतली आणि बँकेतून रजा काढून दारूखान्याला गेलो.

इथे एक घरगुती खुलासा आवश्यक आहे. दारूखाना हा मुंबईत रे रोडजवळचा भाग असून तिथे जुन्या जहाजांचे सुटे भाग मिळतात. सौभाग्यवतींना मी नुसतं "दारूखान्यात चाललोय" असं सांगून निघालो. रात्रभर घराबाहेर राहिलेल्या नवऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी असली वाक्यं बोलू नयेत.

एका दुकानात पांढऱ्या दाढीचे चाचा भेटले. त्यांनी कणी नखाने टोचून बघितली आणि विचारलं, "कौनसा तेल डालते हो?" मी सांगितलं. ते म्हणाले, "साहब, स्कूटर रोड पे चलती है, ये पानी में चलता है. इतना फरक तो मछली को भी मालूम है."

मग त्यांनी तासभर माझा क्लास घेतला. स्कूटरचं इंजिन हवेने थंड होतं, म्हणजे फारसं थंड होतच नाही. त्या उष्णतेत टिकावं म्हणून तिच्या तेलात धातूंची संयुगं असलेली औषधं घालतात. ती जळाली की राख राहते. आउटबोर्ड इंजिन खाडीचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं, त्यामुळे ते थंड डोक्याने चालतं. पण चालतं तेव्हा तासन् तास एका दमात, पूर्ण जोरात. तिथे ती राख जळून जात नाही, पिस्टनवर, रिंगांवर, प्लगवर बसत जाते. म्हणून बोटीचं तेल बिनराखेचं असतं. त्याच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं असतं; त्यातला डब्ल्यू म्हणजे वॉटर, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचं. शिवाय त्यात गंज धरू नये म्हणून वेगळी सोय असते, कारण कोळ्याचं मशीन खाऱ्या हवेत दिवसचे दिवस नुसतं उभंही असतं. स्कूटरच्या डब्यावर जासो एफसी वगैरे लिहिलेलं असतं, ते कमी धुराचं वगैरे ठीक, पण ती वेगळी जात. मी विचारलं, मग बोटीचं तेल स्कूटरला चालेल? चाचा म्हणाले, तेही नको. तिच्या उष्णतेला ते पुरं पडत नाही. तेलाचा निळा, हिरवा, लाल रंग बघून काही ठरवू नये. तो फक्त पेट्रोलमध्ये तेल घातलंय की नाही ते ओळखण्यापुरता.

मी म्हटलं, "मग सुरक्षितता म्हणून थोडं जास्त घातलं तर?" नाक्यावरच्या मेकॅनिकचा तोच सल्ला होता. चाचांनी कपाळाला हात लावला. तेल जास्त म्हणजे त्याच मापात पेट्रोल कमी. प्लग काळा होणार, धूर होणार, फायदा शून्य. नव्या इंजिनाला सुरुवातीचे काही तास दुप्पट घालायला सांगतात, तेवढंच. नंतर पन्नासास एक म्हणजे पन्नासास एक. आणि मिश्रण करून कॅन महिनाभर ठेवायचा नाही. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं आणि पाणी खाली बसतं. जुन्या आउटबोर्डला एवढं इथेनॉल मुळात मानवत नाही. निदान लागेल तेवढंच, ताजं कालवावं. बँकेत आम्ही केवायसी केवायसी म्हणून लोकांना छळतो, पण डब्याच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचून आपल्या तेलाची ओळख पटवून घ्यावी हे बावीस वर्षांच्या नोकरीत मला सुचलं नव्हतं.

त्या तेलाची किंमत ऐकून मी खाली बसलो. स्कूटरच्या तेलाच्या दुप्पट. चाचा म्हणाले, "पिस्टन की कीमत बताऊं?" मी उठून उभा राहिलो.

घरी बाबांना काय सांगायचं हा प्रश्नच होता. चेतकचं तेल चुकीचं ठरलं, असं मी म्हणू शकलो नाही. म्हटलं, "तेल चांगलंच होतं बाबा. फक्त ते गरम इंजिनाचं होतं." बाबांनी चष्मा काढला, पुसला. "आमची गाडी तापायची खरी," ते म्हणाले, आणि कितीतरी वेळ तो रिकामा डबा हातात धरून बसले.

इंजिन उघडून घासून घेतलं. रिंगा वाचल्या होत्या. खर्च अर्धा मी दिला. मित्र नको म्हणत होता, पण मी त्याला जामिनाच्या कायद्यातलं एक अस्तित्वात नसलेलं कलम सांगितलं. तेव्हापासून ते मशीन डब्ल्यू३ वर आहे. दहा झाकणं आता त्याचा मुलगा मोजतो, माझ्यापेक्षा नीट.

मार्चमध्ये मित्राने मला, बाबांना आणि चिरंजीवांना फ्लेमिंगो दाखवायला नेलं. बाबा होडीत मधोमध, पिशवी मांडीवर घेऊन, टीएमटीच्या बसमध्ये बसतात तसे. म्हातारबुवा मागे, वल्ह्यांशेजारी. मशीन झकास चाललं होतं. त्याच्या बाजूने थंड करून टाकलेल्या पाण्याची बारीक धार पडत होती. ती पडते तोवर मशीनची तब्येत उत्तम समजायची, असं मित्राने सांगितलं. त्यासाठी त्याने वापरलेला शब्द इथे छापता येणार नाही, पण चिरंजीव तो शाळेत वापरू लागले आहेत. लांबवर पाण्याच्या कडेला गुलाबी रेघ दिसायला लागली आणि धार बंद पडली. मित्राने झटकन मशीन बंद केलं.

माझ्या पोटात गोळा आला. मी ओरडलो, "तेल! तेलात काहीतरी—"

मित्राने मशीन वर उचललं, खालच्या जाळीत हात घातला आणि दुधाची एक प्लॅस्टिकची पिशवी ओढून काढली. तिचा अर्धा भाग आतच अडकून राहिला होता. तो चिमट्याने काढायला बसला. तोवर होडी ओहोटीबरोबर हळूहळू सरकू लागली, म्हणून म्हातारबुवांनी न बोलता वल्ही उचलली आणि पाण्यात घातली. काही आवाज नाही, धूर नाही, फ्लेमिंगो जवळ येत चालले.

बाबा त्यांच्याकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "ह्याला कुठलं तेल लागतं हो?"

"खोबरेल," म्हातारबुवा म्हणाले. "हाताला."